इन्शुरन्सच्या डॉक्टरसमोर रडून दाखवू का?

पत्र, जरा कापून:

"मी ४३ वर्षांची, कॅनडात मिसिसागात राहते, पेरोलचं काम करायचे. तीन वर्षं अंगभर दुखतंय, फायब्रोमायल्जिया म्हणाले, वर डिप्रेशन. २० महिने ऑफिसच्या ग्रुप इन्शुरन्सचं एलटीडी, म्हणजे दीर्घ आजारपणात काम जमत नाही म्हणून मिळणारे पैसे, मिळतंय. आता त्यांचं पत्र आलं, तीन आठवड्यांनी आमच्या सायकियाट्रिस्टकडे आणि फिजिअ‍ॅट्रिस्टकडे (स्नायू-सांध्यांच्या दुखण्याचा, हालचालींचा डॉक्टर) इंडिपेंडंट मेडिकल एक्झामला या, दोन्ही एकाच दिवशी. मैत्रीण म्हणते जरा लंगडत जा, रडून दाखव. नवरा म्हणतो जाऊच नको, आपला फॅमिली डॉक्टर आहे ना. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, दिसतेस तर चांगली. घरात चार पोळ्या लाटल्या की खांदा जातो माझा, हे कुणाला कसं पटवू? ऑगस्टमध्ये मंगळागौरीला एक फुगडी घातली, तो फोटो फेसबुकवर आहे. ते मला खोटारडी ठरवतील. कधी कधी रात्री वाटतं सकाळी जागच आली नाही तर बरं. काय करू?"

ताई,

आधी तुमची शेवटची ओळ घेते, बाकी सगळं नंतर. सकाळी जागच आली नाही तर बरं, हे तुम्ही फुगडीच्या फोटोखाली एका ओळीत लिहून मोकळ्या झालात, पण हे घरात कुणाला सांगितलंय का? फॅमिली डॉक्टरला? नसेल तर याच आठवड्यात सांगा, आणि एक्झामसाठी म्हणून नाही, तुमच्यासाठी. एखादी रात्र फार जड गेली तर ९८८ ला फोन करा किंवा टेक्स्ट करा, कॅनडात २०२३ च्या नोव्हेंबरपासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि तिथे बोललेलं इन्शुरन्स कंपनीकडे जात नाही. भारतातून कुणी हे वाचत असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६, मराठीत बोलतात.

आता एक्झाम.

जायचं की नाही, तर जायचं. नवरोबांचा राग कळतो मला, पण जवळजवळ सगळ्या ग्रुप पॉलिसींमध्ये एक कलम असतंच की कंपनी स्वतःच्या पसंतीच्या डॉक्टरकडून तुमची तपासणी करून घेऊ शकते, आणि सबळ कारण न देता तुम्ही गेला नाहीत तर ते पैसे थांबवतात, आणि मग भांडण तुमच्या आजाराचं राहतच नाही, "या बाईंनी सहकार्य केलं नाही" याचं होतं, आणि ते भांडण जिंकणं फार कठीण. त्यांच्या हातात आयतं कोलीत देऊ नका. तारीख बदलून मागता येते, आणि दोन तपासण्या एकाच दिवशी झेपणार नाहीत, वेगवेगळ्या दिवशी ठेवा, असं फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीसकट ईमेलने कळवता येतं. ही मागणी अजिबात अवाजवी नाही, दुखणाऱ्या माणसाला सकाळी एक आणि दुपारी एक अशा तपासणीला बसवलं तर दुपारच्या डॉक्टरला वेगळीच बाई दिसणार.

वीस महिने गप्प होते आणि आत्ताच कशी आठवण आली? तर तुमच्या पॉलिसीचं बुकलेट काढा, नसेल तर एचआरकडे मागा, आणि त्यात डिसॅबिलिटीची व्याख्या वाचा. बहुतेक ठिकाणी असं असतं की पहिले २४ महिने तुम्हाला तुमचं स्वतःचं काम, म्हणजे पेरोलचं, जमत नसलं तरी पुरे. २४ महिन्यांनंतर प्रश्नच बदलतो, तुमचं शिक्षण, ट्रेनिंग आणि अनुभव बघता कुठलंही काम जमेल का, असा होतो. म्हणून विसाव्या-एकविसाव्या महिन्यात ही पत्रं निघतात. त्या डॉक्टरला कंपनीने लेखी प्रश्न दिलेले असतात आणि त्यातला महत्त्वाचा प्रश्न हाच. त्यामुळे तिथे जाऊन नुसतं "पेरोल जमत नाही, महिनाअखेरीला ताण असतो" एवढंच सांगितलंत तर तो लिहील, ठीक आहे, मग ताण नसलेलं हलकं काम करू शकतील. तुम्हाला सांगायचंय ते हे की एका जागी सलग किती वेळ बसता येतं, किती वेळ लक्ष लागतं, तेच पान किती वेळा वाचावं लागतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे उद्या सकाळी नऊला मी येईन असं तुम्ही कुणाला सांगू शकता का. नोकरी कितीही हलकी असली तरी रोज यावंच लागतं, आणि फायब्रोमायल्जियात तेच तर जमत नाही.

तो डॉक्टर तुमचा नसतो, हे घरूनच मनाशी पक्कं करून जा. त्याची फी इन्शुरन्स कंपनी देते, मध्ये बहुतेकदा अशा तपासण्या ठरवणारी आणखी एक कंपनी असते. तो औषध देणार नाही, सल्ला देणार नाही, परत भेटणार नाही, आणि तुम्ही जे बोलाल ते रिपोर्टात जाऊ शकतं. ओंटारियोच्या डॉक्टरांच्या कॉलेजचा, म्हणजे डॉक्टरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम आहे की त्याने हे सगळं सुरुवातीला तुम्हाला समजावून सांगायचं आणि संमती घ्यायची, तेव्हा फॉर्म वाचून सही करा, घाई केली तर म्हणा मला वाचायला वेळ लागतो. त्याच नियमात रिपोर्ट निःपक्ष असावा हेही आहे. मी स्वतः काही वर्षं क्लेमच्या फायली हाताळल्यात, कंपनीनेच पाठवलेल्या डॉक्टरने "ही व्यक्ती कुठलंही काम करू शकत नाही" असं लिहिल्याचे रिपोर्ट वाचलेत आणि त्यावर पैसे चालू राहिलेले पाहिलेत. उलटे जास्त पाहिलेत, खोटं कशाला बोलू. पण तो शत्रू आहे असं धरून गेलात तर तुम्ही आखडून बसाल आणि रिपोर्टात "बचावात्मक" असा शेरा येईल, त्याने काही साधत नाही.

मैत्रिणीचं लंगडणं आणि रडणं. नको. नैतिक वगैरे बाजू सोडून देऊ, व्यवहारातच ते अंगाशी येतं. सायकियाट्रिस्टकडे बहुधा लेखी चाचण्या होतील, किंवा सोबत एखादा सायकॉलॉजिस्ट असेल. त्यात एमएमपीआय नावाची एक असते, तिच्या एका जुन्या आवृत्तीत ५६७ वाक्यं आहेत आणि प्रत्येकाला खरं किंवा खोटं एवढंच उत्तर द्यायचं. त्या प्रश्नांमध्येच अशी मोजमापं पेरलेली असतात की माणूस वाढवून सांगतोय का ते कळतं, आणि हे लक्षात घ्या, माणूस स्वतःला फार सोज्वळ, फार सावरलेला दाखवतोय का तेही कळतं. काही चाचण्या वरवर स्मरणशक्तीच्या वाटतात, चित्रं दाखवतात आणि नंतर ओळखायला लावतात, त्या खरं तर तुम्ही मनापासून प्रयत्न करताय का हे बघायला असतात. त्यांच्यावर मात करायच्या युक्त्या यूट्यूबवर शोधत बसू नका. वाक्य वाचा, तुमचं जे खरं असेल ते लिहा, थकलात तर ब्रेक मागा आणि थकले म्हणून ब्रेक मागतेय हे तोंडाने सांगा.

पण मला तुमच्याबाबतीत भीती वाटते ती उलटीच. तुम्ही वाढवून सांगाल याची नाही, कमी सांगाल याची. आपल्याकडे बायका दुखणं अंगावर काढतात आणि त्याचं कौतुकही होतं. फॅमिली डॉक्टर दारातून आत येत विचारतो कशा आहात, आपण म्हणतो फाइन डॉक्टर, यू?, आणि मग दहा मिनिटांत गोळ्यांचा रिफिल घेऊन बाहेर. तो कॉम्प्युटरवर लिहितो, पेशंट बरी आहे, तक्रार नाही. ताई, ती नोंद इन्शुरन्स कंपनीकडे गेलीय, क्लेमच्या वेळी तुम्ही त्याच्या परवानगीवर सही केलीय, आणि एक्झामचा डॉक्टर तुम्ही खोलीत यायच्या आधी ती वाचून बसलेला असतो. पत्रात तुम्ही मला जे लिहिलंत त्याच्या निम्मंसुद्धा त्या फायलीत नसेल याची मला खात्री आहे.

तुमच्या पोळ्यांचंच घ्या. तो विचारेल, घरी स्वयंपाक करता का? तुम्ही म्हणाल, हो, करते. खरंच करता ना! आणि रिपोर्टात एक ओळ येईल, स्वयंपाकात स्वावलंबी. आता तेच असं सांगा: "कणीक मला मळता येत नाही," (किंवा येते, जे असेल ते) "पोळ्या चार लाटते, चौथीला उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत कळ जाते, मग लाटणं ठेवते आणि आडवी होते, साधारण किती वेळ, उरलेल्या पोळ्या कोण करतं किंवा फ्रोझन कधी काढतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात केस विंचरायला वर जातो की नाही." किती, किती वेळ, मग काय होतं, दुसऱ्या दिवशी काय होतं. दर उत्तराला हे चार भाग. यात रडारड नाही, "फार त्रास होतो हो" असलं मोघम काही नाही, आणि लिहून घेणाऱ्यालाही ते वगळणं अवघड जातं. आंघोळीचं असंच, ड्रायव्हिंगचं असंच, झोपेचं असंच. चांगल्या दिवसांबद्दलही सांगा, आठवड्यात असे किती येतात आणि त्या दिवशी काय जमतं.

"मला काहीच जमत नाही", "नेहमी दुखतं", "कधीच झोप लागत नाही" ही वाक्यं तेवढी टाळा. कारण मग कुणीतरी तुमचा व्हिडिओ काढतो, तुम्ही दुकानातून दुधाची चार लिटरची पिशवी उचलून गाडीत ठेवताय, अकरा सेकंदांचा, आणि तो "काहीच"च्या शेजारी ठेवला की तुम्ही संपलात. सार्वजनिक ठिकाणी पाळत ठेवतात, एक्झामच्या आसपासच्या दिवसांत तर बऱ्याचदा, आणि पार्किंगपासून खोलीपर्यंत कशा चालत आलात हेही रिपोर्टात येतं. घाबरून घरात बसायचं कारण नाही, जे जमतं ते जमतं असं आधीच सांगितलेलं असेल तर व्हिडिओत नवीन काय दिसणार?

म्हणून फुगडी. फोटो काढून टाकू नका. आता डिलीट केलात तर लपवाछपवी केल्यासारखं होईल, आणि फोटो बहुधा मैत्रिणींच्या अकाउंटवरही असणार. विचारलं तर सांगा, गेले होते, एक फुगडी घातली, बसून राहिले, पुढे किती दिवस त्याचं भोगलं. आणि तिथे गेलात हे बरंच केलंत, डिप्रेशनच्या माणसाने घरात कोंडून घ्यावं असं कुठला डॉक्टर सांगतो?

ब्रिटिश कोलंबियातल्या कॉनी फिडलर या बाईंची केस इथे वकील लोक नेहमी सांगतात. बँकेत रिसेप्शनिस्ट होत्या, क्रॉनिक फटीग (न संपणारा थकवा) आणि फायब्रोमायल्जिया, एलटीडी चालू होतं, कंपनीने पाळत ठेवून व्हिडिओ काढला, गाडीत चढताना उतरताना, खरेदी करताना, आणि १९९७ मध्ये पैसे बंद. काम करू शकतात असं म्हणणारा डॉक्टरी पुरावा मात्र कंपनीकडे नव्हता. पाच वर्षं त्या तशाच राहिल्या, खटला उभा राहायच्या आठवडाभर आधी कंपनीने थकबाकी द्यायचं कबूल केलं. २००६ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने पैसे रोखल्यामुळे झालेल्या मनस्तापाचे २०,००० डॉलर कायम ठेवले, दंड म्हणून वर लावलेले एक लाख मात्र काढून टाकले. म्हणजे एका व्हिडिओवर सगळं संपत नाही, पण पाच वर्षं जातात.

फिजिअ‍ॅट्रिस्टकडे काय होईल ते थोडक्यात. एमआरआय नॉर्मल आहे हे तो बोलून दाखवेल, त्याने दचकू नका, फायब्रोमायल्जियात तो नॉर्मलच असतो. पूर्वी, १९९० च्या निकषांत, अंगावरचे १८ ठरावीक बिंदू दाबून ११ दुखतात का बघायचे, २०१० पासून जे निकष आले त्यात अंगभर पसरलेलं दुखणं, थकवा, झोप, विसराळूपणा हे सगळं धरतात. तो डोक्यावर हलकं दाबेल, कमरेला न पिळता अख्खं अंग वळवेल, झोपवून पाय उचलेल आणि नंतर बसवून तोच पाय गप्पा मारता मारता सरळ करायला लावेल. ही गॉर्डन वॉडेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १९८० मध्ये मांडलेली चिन्हं, पाठदुखीला शरीराच्या बाहेरचे काही पैलू आहेत का हे बघायला. खोटारडे पकडायला ती वापरू नका असं तो स्वतःच नंतर सांगत राहिला, तरी काही रिपोर्टांत ती त्याच सुरात येतात. तुम्ही एवढंच करा, दुखेल तिथे दुखतंय म्हणा, नाही दुखलं तर नाही म्हणा, घाबरून सगळीकडे "आई गं" करू नका. आणि एखादी हालचाल जमत नसेल तर थांबून सांगा.

एका गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही आणि फायली तिथेच मार खातात. दोन डॉक्टर, दोन रिपोर्ट. फिजिअ‍ॅट्रिस्ट लिहितो, हाडं-स्नायूंच्या बाजूने काम करायला अडचण नाही, मानसिक भाग माझ्या विषयाबाहेरचा. सायकियाट्रिस्ट लिहितो, डिप्रेशन मध्यम आहे, दुखण्याबद्दल मी बोलणार नाही. दोघांच्या मध्ये तुम्ही पडता, कारण तुमचं दुखणं आणि तुमचं डिप्रेशन वेगवेगळ्या दिवशी येत नाही, रात्री दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून मन खचतं, मन खचलं की दुखणं दुप्पट. दोन्ही मिळून काय होतं हे कुणीतरी एका कागदावर लिहायला हवं, आणि ते काम तुमच्या फॅमिली डॉक्टरचं, किंवा पेन क्लिनिकला जात असाल तर त्यांचं. एक्झामच्या आधी मोठी अपॉइंटमेंट घ्या, सगळं खरं सांगा, अगदी ती रात्रीची गोष्टही, आणि असं पत्र मागा. पत्राचे पैसे लागतील, द्या.

सायकियाट्रिस्ट लहानपण, लग्न, दारू, आधीचं कधी डिप्रेशन, सगळं विचारेल. घरातलं बाहेर कशाला असं वाटेल, पण टाळलंत तर तेच लिहिलं जातं. छोटी, खरी उत्तरं द्या. सासूबाईंची सगळी कुंडली मांडायची गरज नाही. आत्महत्येचे विचार येतात का विचारलं तर हो म्हणा, येत असतील तर. आणि इंग्रजी ऑफिसला पुरत असलं तरी इथे मराठी इंटरप्रिटर मागा, आजच ईमेल करा, मिळायला वेळ लागतो. ठणका, कळ, आग, बधिरपणा हे मराठीत तुम्ही एका दमात सांगाल, इंग्रजीत सगळ्याला पेन म्हणून सुटाल. नवऱ्याला इंटरप्रिटर करू नका, तो मध्येच भांडेल.

इंडियाला गेला होतात का या काळात? पत्रात नाही, पण विचारून ठेवते. बऱ्याच पॉलिसींत कॅनडाबाहेर किती दिवस राहता येतं यावर अट असते, बुकलेटमध्ये बघा. तिकडे पंचकर्म वगैरे केलं असेल तर पावत्या-कागद काढून ठेवा, बरं व्हायला धडपडताय हे त्यातून दिसतं.

त्या दिवशी औषधं नेहमीसारखी घ्या, मुद्दाम चुकवू नका. डोससकट यादी न्या. नवऱ्याला गाडी चालवू दे आणि वेटिंग रूममध्ये बसू दे. किती वाजता सुरू झालं, किती वाजता संपलं, डॉक्टरने किती वेळ तपासलं, काय विचारलं, हे त्याच संध्याकाळी लिहा, पुढे रिपोर्टात "दोन तास सविस्तर तपासणी" असं आलं तर कामाला येतं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी लेखी विचारा, बहुधा नाही म्हणतील. लपवून करायचा विचार असेल तर आधी वकिलाशी बोला.

रिपोर्टाची प्रत लेखी मागा, आणि एक फॅमिली डॉक्टरकडे पाठवायला सांगा. त्यात तथ्याची चूक असेल, म्हणजे तारीख, औषध, तुम्ही न बोललेलं वाक्य, तर तेवढंच मुद्देसूद लिहून कळवा, डॉक्टरवर चिडून चार पानं नको. पैसे बंद झाले तर कंपनी म्हणेल आमच्याकडे अपील करा, नवीन कागद पाठवा. करा हवं तर, पण ओंटारियोत कोर्टात जायची मुदत साधारण दोन वर्षांची असते आणि ती नकाराच्या पत्रापासूनच मोजली जाण्याचा धोका असतो, त्यांच्या अपिलात एक वर्ष गेलं म्हणून ती आपोआप वाढत नाही. नकाराचं पत्र हातात पडलं की लगेच डिसॅबिलिटीचा वकील गाठा, पहिली भेट बरेच जण फुकट देतात आणि जिंकलो तर फी असं काम घेतात. कोर्ट नको असेल तर ओएलएचआय ही लोकपालासारखी फुकट सेवा आहे, कंपनीचं अंतिम उत्तर आल्यावर तिथे तक्रार करता येते.

राहता राहिलं खोटारडी ठरवण्याचं. नोव्हा स्कॉशियात कामावर जखमी झालेल्यांना क्रॉनिक पेन असेल तर नेहमीची भरपाई नाही, चार आठवड्यांचा एक कार्यक्रम करा आणि जा, असा कायदाच होता. २००३ मध्ये मार्टिनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला आणि निकालात स्पष्ट म्हटलं की तपासणीत काही सापडत नसलं तरी या लोकांचं दुखणं आणि त्यातून आलेली अक्षमता खरी आहे. सासूबाईंना हे सांगून फारसा उपयोग होईल असं नाही. त्यांना तुम्ही व्हिडिओ कॉलवर दिसता तेवढ्याच दिसता, कॉल ठेवल्यावर तुम्ही आडव्या होता ते त्यांनी कुठे पाहिलंय. पुढच्या वेळी आडवं पडूनच कॉल घ्या.

आज दोन ईमेल, इंटरप्रिटरचा आणि तारखा वेगळ्या करण्याचा, आणि फॅमिली डॉक्टरला फोन. रिपोर्ट आला की मला कळवा.